गावचा रेडिओ पुन्हा हवेवर यावा म्हणून: प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

आजपासून या कामाची नोंद ठेवायची असं ठरलं. आमच्या भागातला सामुदायिक रेडिओ बंद पडून बराच काळ लोटला. तो पुन्हा सुरू होऊ शकतो का हे तपासायचं, आणि होत असेल तर त्यासाठी लागेल ते करायचं. आमचा भाग म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचं दक्षिण टोक. एका अंगाला टिपेश्वरचं जंगल, दुसऱ्या अंगाला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगणा. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारी गावं, आणि मधेमधे कोलामांचे पोड (छोट्या वस्त्या), गोंडांच्या वस्त्या, बंजाऱ्यांचे तांडे.

ज्यांनी हा रेडिओ ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडं लिहून ठेवते. सकाळी बाजार समितीचे भाव, हवामान, कोणाचा बैल हरवला, कोणत्या गावी डॉक्टर येणार. दुपारी बायकांचा तास, कारण निंदणाला गेलेल्या बायका वावरातच ऐकायच्या. संध्याकाळी खंजिरी भजन. रात्री आलटून पालटून कोलामी, गोंडी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी. नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झवर इथे पूर्वीपासून लागते, आदिलाबादचं तेलुगूही कानावर पडतं, आणि शहरांतले खासगी एफएम इथवर पोचत नाहीत. या सगळ्यांत आमच्या बोलीत बोलणारा एकच रेडिओ होता. म्हणून बाजारात भेटणारा माणूस अजून विचारतो, "ताई, आपला रेडिओ कवा सुरू होते?"

काम करणारे आम्ही मोजकेच. मी आणि आणखी दोन जुन्या निवेदिका, एक निवृत्त गुरुजी, आयटीआय केलेला एक इलेक्ट्रिशियन पोरगा, आणि बचत गटांच्या संघाच्या अध्यक्ष ताई.

१२ जून

बंद का पडला, हे आधी कागदावर आणलं.

लोक म्हणतात, वीज पडली म्हणून. ते अर्धंच खरं. वीज पडून ट्रान्समीटर जळला हे खरं, पण दुरुस्त करता आला असता. खरी अडचण परवानगीची होती. सामुदायिक रेडिओच्या जुन्या सरकारी धोरणाप्रमाणे परवानगीचा करार ५ वर्षांचा असे आणि मुदत संपत आली की नूतनीकरण करावं लागे. ज्या संस्थेच्या नावावर परवानगी होती तिचं या भागातलं कामच थांबलं. माणसं बदलून गेली, कार्यालय आवरलं, मुदत निघून गेली. आम्ही रोज माइकवर बोलणारे लोक त्या करारात कुठेच नव्हतो.

आणि ही परवानगी हस्तांतरित होत नाही. एका संस्थेची दुसऱ्या संस्थेच्या नावावर करता येत नाही. म्हणजे "जुना रेडिओ चालू करणे" असं काही कायद्यात नाहीच. नवा अर्ज, नवी संस्था, नवा करार. गुरुजी म्हणाले, "मग यंदा करार ऐकणाऱ्यांच्याच नावानं होऊ द्या." हे वाक्य मी ठळक लिहून ठेवलं आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरणार.

१९ जून

मनोऱ्याची पाहणी केली. सोबत मनोरे उभारण्याचं काम करणारे एक जाणकार होते.

मनोरा ३० मीटरचा. धोरणात अँटेनाची उंची जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर आणि किमान १५ मीटर सांगितली आहे, तेव्हा उंची बरोबर आहे. सांगाडा गंजला आहे, पण कामातून गेलेला नाही. दुखणं खाली आहे, मातीत. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ताणाच्या तारा ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधल्या आहेत त्यांतला एक या फुगण्या-आकसण्यात तिरपा झाला आहे. त्यामुळे एका बाजूची तार ढिली, दुसरीची जास्त ताठ. वादळात असा मनोरा पडतो. ठोकळा नव्यानं, काळ्या मातीच्या खाली मुरूम लागेपर्यंत खोदून बसवावा लागेल.

अँटेनाकडे जाणाऱ्या जाड केबलच्या जोडात पाणी शिरलेलं आहे. तांब्यावर हिरवा थर. केबल बदलणे हाच उपाय. ट्रान्समीटरचं झाकण उघडून पाहिलं, शक्ती वाढवणारा भाग काळा पडला आहे. त्याला वीज दिली नाही, आणि परवाना हातात येईपर्यंत द्यायचीही नाही, हे सगळ्यांना सांगितलं. दोन उत्साही पोरांना "एकदा लावून तर पाहू" असं फार वाटत होतं. परवान्याशिवाय हवेत एक शब्दही जायला नको. पुढचा सगळा अर्ज त्यावर अडू शकतो.

अर्थिंग मोजलं. नुकताच पाऊस झाल्यानं आकडा चांगला आला. जाणकार म्हणाले, या आकड्यावर जाऊ नका. ओल्या काळ्या मातीत वीज सहज जिरते, पण मे महिन्यात तीच माती पट्टीपासून सुटते, मधे हवा शिरते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. आमच्याकडे मृगाच्या तोंडाशी पहिल्या विजा पडतात त्या नेमक्या अशा कोरड्या जमिनीवर. मागची वीज बहुधा अशीच ट्रान्समीटरमध्ये शिरली असावी. तेव्हा खरं मोजमाप मे महिन्यातलं, आणि ते पाच ओहमच्या आत यायला हवं. खड्डे दोन-तीन, खोल, एकमेकांना तांब्याच्या पट्टीनं जोडलेले.

२८ जून

संस्थेचा प्रश्न. आजची बैठक लांबली आणि लांबायलाच हवी होती.

सामुदायिक रेडिओला अर्ज कोण करू शकतं? नफा न कमावणारी नोंदणीकृत संस्था, जिला नोंदणी होऊन आणि स्थानिक लोकांत काम करून किमान ३ वर्षं झाली आहेत. शिवाय शैक्षणिक संस्था, कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं. व्यक्तीला मिळत नाही, राजकीय पक्षाला आणि त्याच्याशी जोडलेल्या संघटनांना नाही, नफ्यासाठी चालणाऱ्यांना नाही.

पहिलं नाव आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं निघालं. सभासद शेतकरीच, हिशेब चोख. पण ती कंपनी सभासदांना नफा वाटण्यासाठीच आहे, तेव्हा नियमात बसत नाही. संचालक काका जरा नाराज झाले. त्यांना सांगितलं की कंपनीनं जाहिरात द्यावी, भाव द्यावेत, ते तर लागणारच आहे. मग देवस्थानचं नाव आलं, तेही मागे पडलं. एका पुढाऱ्यानं जागा आणि पैसा दोन्ही देण्याचा निरोप पाठवला होता. नम्रपणे नको म्हणायचं ठरलं. निवडणुकीच्या दिवसांत त्या माइकची किंमत काय मागितली जाईल हे सगळ्यांना कळत होतं.

उरला महिला बचत गटांचा तालुक्यातला संघ. संस्था म्हणून नोंदलेला, ३ वर्षांहून जास्त जुना, लेखापरीक्षण दरवर्षीचं. आणि सभासद बायका कोलाम, गोंड, बंजारा, कुणबी, बौद्ध, सगळ्याच. अध्यक्ष ताई आधी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमी रेडिओ आयकला, त्याच्यावर गाणी म्हटली, मंग कागद सांभाळाले काय होते? पण सही करणाऱ्या बाईले कागद वाचून दाखवाचा. आधी वाचाचा, मंग सही." ही अट ठरावात शब्दशः घेतली.

२०२४ च्या सुधारित धोरणात सल्लागार समितीत निम्म्या तरी बायका हव्यात असं आहे. आमच्याकडे निम्मे पुरुष मिळवायला फिरावं लागेल.

६ जुलै

ऐकणार कशावर? हा प्रश्न आम्ही केंद्र चालवत असताना कधी पडला नव्हता. तेव्हा प्रत्येक साध्या मोबाइलमध्ये एफएम होतं आणि इअरफोनची वायर हीच अँटेना. आता बऱ्याच नव्या फोनमध्ये ते नाही किंवा बंद करून ठेवलेलं असतं. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्यानं २०२३ मध्ये मोबाइल बनवणाऱ्यांना एफएम चालू ठेवण्याचा सल्ला दिला, कारण आपत्तीत नेटवर्क गेलं तरी रेडिओ चालतो. पण सल्ला तो सल्ला.

गावात फिरून पाहिलं तर वावरात वेगळीच वस्तू दिसली. मेमरी कार्डावर गाणी वाजवणारा छोटा डबा, झाडाला टांगलेला. त्यातल्या बहुतेकांत एफएम आहे. वापरत कोणी नाही, कारण लावलं तर खरखरच येते. म्हणजे रेडिओ घरोघरी आहे. बोलणारं केंद्र तेवढं नाही.

१७ जुलै

जुन्या ध्वनिमुद्रणांचं काम. हा आठवडा याच्यातच गेला आणि मला त्याबद्दल नीट लिहायचं आहे.

केंद्रातल्या संगणकाची हार्ड डिस्क यवतमाळच्या एका दुकानात उघडून घेतली. बरंच वाचलं. काही फाइलींना नावं नाहीत, नुसत्या तारखा. रोज संध्याकाळी आम्ही तिघी-चौघी बसतो, ऐकतो, वहीत लिहितो: कोण बोलतंय, कोणत्या गावचं, कोणती भाषा, काय विषय. कोलामी ध्वनिमुद्रणांसाठी पोडावरची बारावी झालेली एक पोरगी येते. ती ऐकता ऐकता मधेच थांबवते आणि सांगते, ही माझी आजी.

जात्यावरच्या ओव्या आहेत. डवरणीच्या (कोळपणीच्या) वेळी बैलाला उद्देशून म्हटलेली लांबलचक गाणी आहेत, जी आता डवराच ट्रॅक्टरला लागल्यानं कोणी म्हणत नाही. दिवाळीतल्या दंडार नाचाचे ढोल आहेत, पोडावर जाऊन रात्रभर मुद्रित केलेले. यातले बरेच आवाज आता या जगात नाहीत.

आणि २०१७ च्या हंगामातली ध्वनिमुद्रणं आहेत. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. पराटी (कपाशी) डोक्याच्या वर गेलेली, दमट उकाडा, जोरानं फवारणारे पंप, दोन-दोन तीन-तीन औषधं एकाच टाकीत, आणि अंगावर नुसता शर्ट. त्या दिवसांत आमच्या रेडिओवर रोज दुपारी बारा वाजता एकच गोष्ट सांगितली जायची: वाऱ्याकडे पाठ, तोंडाला फडकं, औषधं एकत्र नको, मळमळलं, डोळ्यांपुढं अंधारी आली तर हातातला पंप टाक आणि घरी न जाता सरळ दवाखान्यात जा, रिकामा डबा सोबत ने म्हणजे डॉक्टरला औषध कळेल. हे मराठीत, मग वऱ्हाडीत, मग गोंडीत, मग कोलामीत. फवारणीला जाणारा माणूस बहुधा मजूर असतो, डब्यावरचं बारीक अक्षर त्यानं वाचावं ही अपेक्षा चूक आहे. त्याच्या भाषेत, त्याच्या वेळेला, त्याच्या ओळखीच्या आवाजात सांगितलं तर तो थांबतो. मी स्वतः तो कार्यक्रम करत होते. आज ऐकताना माझ्याच आवाजातली घाई आणि भीती ऐकू आली. रेडिओ परत का हवा, असं कोणी विचारलं तर मी त्याला ही फाइल ऐकवणार आहे.

प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. ज्यांचे आवाज आहेत त्यांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या संमतीशिवाय काहीही कुठे टाकायचं नाही, हे ठरवलं. देवाची काही गाणी पोडाबाहेर ऐकवायची नसतात. पोडाच्या नाईकांनी तसं सांगितलं आणि ती वेगळी काढली.

४ ऑगस्ट

अर्जाचा रस्ता समजून घेतला. ज्यांना इतर ठिकाणी असं काही करायचं असेल त्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते.

अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर. छाननी, इतर मंत्रालयांची मंजुरी, मग इरादापत्र. त्यानंतर दूरसंचार खात्याकडून लहर (फ्रिक्वेन्सी) आणि मनोऱ्याच्या जागेची मंजुरी, मग मंत्रालयाशी करार, आणि शेवटी चालवण्याचा परवाना. प्रत्येक टप्प्यावर कागद. २०२४ च्या १३ फेब्रुवारीला, जागतिक रेडिओ दिनी, सुधारित मार्गदर्शक तत्त्वं आली आणि काही गोष्टी सोप्या झाल्या. पहिला करार आता १० वर्षांचा. जाहिरातींना तासाला १२ मिनिटं, पूर्वी ७ होती. सरकारी जाहिरातीचा दर १० सेकंदाला ५२ वरून ७४ रुपये.

शक्तीची मर्यादा तीच, १०० वॅट. सपाटीवर साधारण १० किलोमीटरपर्यंत नीट ऐकू येतं. आमच्याकडे नाले आणि टेकड्या असल्यानं काही पोड सावलीत राहतील. एफएम नजरेच्या रेषेत जातं, टेकडीमागे वळत नाही.

निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांनी, शक्यतो स्थानिक भाषेत केलेले हवेत. आमच्यासाठी ही अट नाही, तोच हेतू आहे. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. मात्र हवामान, वीज-पाण्याची सूचना, परीक्षा-प्रवेश, यात्रा, आपत्ती, आरोग्याचा इशारा या गोष्टी बातमीत धरत नाहीत. म्हणजे आमच्या लोकांना रोज लागतं ते जवळजवळ सगळं सांगता येतं.

गुरुजींनी बैठकीत १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची आठवण करून दिली. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं त्यात म्हटलं आहे. तरी साध्या संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडायला २००६ चा नोव्हेंबर यावा लागला. त्याआधी २००२ पासून फक्त शैक्षणिक संस्थांना मुभा होती. देशातलं पहिलं असं केंद्र २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात सुरू झालं.

१२ ऑगस्ट

मनोऱ्याशिवायचे पर्याय, प्रामाणिकपणे विचारात घेतले.

एक: आकाशवाणीच्या केंद्राकडून वेळ घेऊन आपला कार्यक्रम लावायचा. गुजरातमध्ये भूजला आणि झारखंडमध्ये पलामूला गावातल्या लोकांनी हे चांगलं करून दाखवलं. दोन: मिस्ड कॉलवर चालणारी सेवा. शुभ्रांशु चौधरींनी छत्तीसगडमध्ये सीजीनेट स्वर सुरू केलं, त्यात गोंडी माणूस फोनवरून आपलं गाऱ्हाणं नोंदवतो आणि दुसरे ऐकतात. तीन: इंटरनेटवर.

इंटरनेटचं पोरांना आकर्षण आहे. पण निंदणाला जाणाऱ्या बाईचा फोन घरी मुलाकडे असतो आणि डेटा त्याचा संपलेला असतो. नेटवर्क टिपेश्वरच्या बाजूला मिळतच नाही. मिस्ड कॉलचा मार्ग मला खरंच आवडला, तो रेडिओच्या जोडीला ठेवायचा: लोकांनी फोनवर सांगावं, आम्ही हवेवर लावावं. पण रेडिओच्या जागी नाही. फोनवर एकटा माणूस ऐकतो. बांधावरचा डबा दहाजणी एकत्र ऐकतात आणि ऐकून झाल्यावर आपसात बोलतात. हे बोलणंच आमच्या रेडिओचं खरं काम होतं.

२२ ऑगस्ट

पोळा. काम बंद.

३१ ऑगस्ट

तेलंगणातल्या संघम रेडिओबद्दल बरंच वाचलं होतं. दलित बायकांनी चालवलेलं ते केंद्र ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झालं आणि बिगरसरकारी संस्थेचं देशातलं पहिलं सामुदायिक केंद्र ठरलं. पण त्याआधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. परवानगी नव्हती त्या वर्षांत त्या बायका कॅसेटवर कार्यक्रम करत आणि गावोगावच्या बैठकांत ऐकवत. परवानगी आली तेव्हा बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोघी तयार होत्या.

आपणही तेच करायचं ठरलं. आठवड्याला एक कार्यक्रम, तासाभराचा. पेन ड्राइव्हवर. बॅटरीचा छोटा भोंगा घेऊन पोडावर, तांड्यावर, गावात जायचं, ऐकवायचं, आणि रात्री नऊच्या आत आटोपायचं. लहर वापरायची नाही, तेव्हा परवान्याचा प्रश्न येत नाही.

१४ सप्टेंबर

पाऊस थांबत नाही. बऱ्याच वावरांत पाणी साचलं, पराटी पिवळी पडली, सोयाबीनच्या शेंगांना कोंब. अशा दिवसांत भोंगा घेऊन जावं की नाही असं वाटत होतं. पण पोडावरूनच निरोप आला, "आज येता न?"

आजचा कार्यक्रम नुकसानीच्या पंचनाम्यावर. तलाठ्याकडे काय मागायचं, ई-पीक पाहणी झाली नसेल तर काय, वनहक्काच्या पट्ट्यावर पीक घेणाऱ्यानं कोणता कागद दाखवायचा. कोलामी भाग बारावी झालेल्या त्याच पोरीनं केला. तिनं कागदाची नावं मराठीतच ठेवली आणि बाकी सगळं कोलामीत सांगितलं, कारण कार्यालयात तेच नाव विचारतात. निवेदनातली ही अक्कल शिकवून येत नाही. कार्यक्रम संपल्यावर म्हातारी माणसं तिच्याभोवती बसली आणि तिला आणखी विचारू लागली. आमचा भोंगा बंद होता आणि रेडिओ चालूच होता.

तीच मुलगी पुढे आमची कोलामी निवेदिका असावी असं माझं मत मी बैठकीत मांडलं. मानधन द्यावं लागेल. मागच्या वेळी बोली भाषांतल्या निवेदकांना "स्वयंसेवक" म्हणून फुकट राबवलं गेलं, तसं या वेळी नको.

६ ऑक्टोबर

कापूस. या महिन्यात दुसरा विषयच नाही.

सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावानं कापूस द्यायचा तर यंदा आधी "कपास किसान" अॅपवर नोंदणी करावी लागते. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये, मध्यम धाग्याला ७,७१०. खासगी व्यापारी त्याच्या बराच खाली मागतो आहे. केंद्रानं ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, तेव्हापासून बाजार आणखी नरमला. अशा वर्षी अॅप न भरता आल्यानं कोणी हमीभावाला मुकला तर ते फार वाईट.

म्हणून भोंग्यावरचा कार्यक्रम अॅपवरच केला: कोणते कागद, ठेक्यानं वाहणाऱ्यानं काय करायचं, फोन नसलेल्या बाईनं कोणाकडून भरून घ्यायचं. आणि ओलाव्याबद्दल. ८ टक्क्यांच्या वर ओलावा असला की भाव कापतात, १२ च्या वर असला तर घेतच नाहीत. एका अनुभवी शेतकरी काकांनी सांगितलं ते तसंच लावलं: "सकाळी दवात वेचलेला कापूस त्याच दिवशी बोरीत दाबू नका. दोन उन्हं दाखवा. सरकी दाताखाली कडक वाजली पायजे." कोणत्याही पत्रकात हे वाक्य नाही. तांड्यावर ते गोरमाटीत ऐकवलं तेव्हा बायका हसल्या आणि म्हणाल्या, हे आमची सासू सांगायची.

२ नोव्हेंबर

पैसे. जागा ग्रामपंचायत देते आहे. ट्रान्समीटर, अँटेना, केबल, मिक्सर नवे लागतील. केंद्र सरकारची सामुदायिक रेडिओला साहाय्य देणारी योजना आहे, तिच्याकडे अर्ज करता येईल, पण तिच्या भरवशावर बसायचं नाही. रोजचा खर्च म्हणजे मानधन, वीज आणि दुरुस्ती. संघानं ठरवलं आहे की गटातल्या प्रत्येक घरानं महिन्याला १० रुपये द्यायचे, ज्यांना जमेल त्यांनी. उत्पादक कंपनी, कृषी केंद्रं, किराणा दुकानं जाहिराती देतील. कीटकनाशकांच्या जाहिराती घ्यायच्या का, यावर जोरदार वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: नको. ज्या माइकवरून आपण २०१७ मध्ये थांबा म्हणालो त्या माइकवरून "जास्त मारा" हे ऐकू येऊ नये. ठराव त्याच बाजूनं झाला.

साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी बायकांची केंद्रं बरीच वर्षं टिकली आहेत. ती कशी टिकली हे प्रत्यक्ष जाऊन पाहायचं आहे. अध्यक्ष ताई आणि हिशेब ठेवणाऱ्या ताई जाणार.

२१ नोव्हेंबर

अर्ज पोर्टलवर चढवला. संघाचं नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षणाचे अहवाल, घटना, मनोऱ्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश, कार्यक्रमांची रूपरेषा. प्रत्येक पान ताईंना वाचून दाखवलं, मग सही. संध्याकाळ झाली तरी कोणी घाई केली नाही.

आता छाननी. किती वेळ लागेल हे आमच्या हातात नाही. लोकांना असं सांगतो आहोत: "अर्ज गेला आहे, परवानगी आलेली नाही." कोणी "जानेवारीत सुरू" असं बोलू नये, म्हणून बाजारातही तसंच सांगितलं.

१४ डिसेंबर

वेचणीची घाई, बैठक रात्री झाली.

तारांचा तिरपा ठोकळा काढून मुरमापर्यंत खोदकाम झालं. नवा ठोकळा भरला, पाणी मारणं चालू. अर्थिंगचे खड्डे आता खोदून ठेवायचे, पण मोजमाप मे महिन्यात, भेगा पडल्यावर. त्याआधी मनोऱ्यावर काही चढवायचं नाही.

संध्याकाळच्या वेळांवरून ओढाताण झाली. भजन मंडळाला सात ते आठ हवं, कोलामांनाही तीच वेळ, कारण जेवणाआधी सगळे अंगणात असतात. नाईक म्हणाले, "मागच्या वेळी आमचा कार्यक्रम नऊला होता. तवा आमचे पोट्टे झोपले राहत." बरोबर आहे. कोलामी, गोंडी आणि गोरमाटीला सात वाजता पाळीपाळीनं, भजन साडेआठला. मंडळाच्या बुवांनी थोडं थांबून मान्य केलं आणि वर म्हणाले, कोलामी गाण्यावर आमची खंजिरी चालत असेल तर बोलवा.

जानेवारीत निवेदनाचं शिबिर. मुलींची नावं जास्त आली आहेत. तांड्यावरच्या दोन जणींना घरून रात्रीची परवानगी नाही, त्यांच्यासाठी दुपारच्या तुकडीची सोय करायची. ध्वनिमुद्रणाचं यंत्र एकच आहे, दुसरं लागेल, त्याची चौकशी गुरुजींकडे. पेन ड्राइव्हचा पुढचा कार्यक्रम तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर, तो येत्या रविवारी तीन पोडांवर आणि एका तांड्यावर जाईल.